गुलाबवाल्यांची चूक

“एकतीस ऑगस्टला कर माझं ऑपरेशन,” मा क्लोतिल म्हणाली. “तीसला सण आहे. एकतीसला मी मोकळी.”

“एकतीसपर्यंत थांबता येणार नाही.”

“मग सप्टेंबरात कर. मला घाई नाही.”

मी हातातलं पेन टेबलावर आपटलं. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात ऑगस्टचा उकाडा आणि डोक्यावरचा पंखा बंद. समोर बसलेल्या म्हातारीच्या घशातून प्रत्येक श्वासाबरोबर बारीकशी शिट्टी वाजत होती. तिला ती ऐकू येत नव्हती. मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

सेंट लुशिया हे कॅरिबियन समुद्रातलं एवढंसं बेट. मी तिथे तीन वर्षांच्या करारावर कान-नाक-घशाची सर्जन म्हणून गेले होते आणि जाऊन जेमतेम आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत मला एक गोष्ट कळली होती. या लोकांना ऑपरेशनची तारीख द्यायची म्हणजे आधी पंचांग बघायला हवं. जानेवारीत नव्या वर्षाची एक सुट्टी पुरत नाही म्हणून दुसऱ्या दिवशीही सुट्टी. मग बेटाचा स्वातंत्र्यदिन, मग ईस्टर, जुलैत कार्निव्हल. कार्निव्हलचा थकवा उतरेपर्यंत गुलामगिरी संपल्याचा दिवस येतो. पेशंट माझ्याकडे बघून गोड हसायचे आणि म्हणायचे, “एवढा सण होऊ दे, डॉक.”

हे वाक्य मला पाठ होतं. मी मूळची मिरजेची. आमच्याकडेही लोक “गणपती होऊन जाऊ द्या हो डॉक्टर” म्हणत. मी शिकाऊ असताना अशाच एका गुरवांना आमच्या सरांनी गणपती होईपर्यंत मुदत दिली होती. त्यांच्याही स्वरयंत्रात गाठ होती आणि त्यांचाही श्वास असाच वाजायचा. विसर्जनाच्या आधीच ते घरी गुदमरून गेले. तेव्हापासून सणासाठी मी कोणालाच मुदत देत नाही.

“मा,” मी आवाज खाली आणला. तिकडे मोठ्या बाईला मा म्हणतात, आणि क्लोतिल तर साठीच्या पुढची होती. “तुमच्या गळ्यात जी गाठ आहे ती वाढत्येय. तपासणीचा निकाल आलाय, तो मी तुम्हाला सांगितलाय. उद्या सर्दी झाली, थोडी सूज आली, तरी श्वास बंद होईल. सगळं स्वरयंत्र काढावं लागेल.”

“आणि मग मी बोलणार कशी?”

“बोलता येणार नाही. मानेला एक भोक राहील, त्यातून श्वास घ्याल. पण जगाल.”

ती उठली. डोक्यावरची लाल चौकड्यांची पगडी तिने दोन्ही हातांनी नीट केली. “तू चांगली आहेस, दूदू,” ती म्हणाली. दूदू हा तिकडचा लाडाचा शब्द, आपल्या सोन्या-बाळासारखा. “एकतीसला ये म्हणशील तर येईन.” आणि शिट्टी वाजवत निघून गेली.

ती गेल्यावर मी सिस्टर इमेल्दावर उखडले. इमेल्दा माझ्या ओपीडीची नर्स, उंच, शांत आणि माझ्या रागाला अजिबात न भिणारी.

“असा कुठला सण आहे तीसला? कॅलेंडरात तर सुट्टी पण नाही!”

“ला रोझ,” ती म्हणाली. “गुलाबाचा सण. डॉक, तुम्हाला ती कोण आहे ते माहीत नाही का? मा क्लोतिल आमची शाँतवेल आहे.”

मग तिने मला समजावलं. बेटावर दोन मंडळं. एक गुलाबवाल्यांचं, दुसरं मार्गरितवाल्यांचं. मार्गरित हे एक जांभळं फूल. जन्माला आलेला माणूस यातल्या एका फुलाचा असतो आणि मरेपर्यंत त्याच फुलाचा राहतो. गुलाबवाल्यांचा सण तीस ऑगस्टला, त्यांचा ऑक्टोबरात. प्रत्येक मंडळाचे आपले राजा-राणी, राजकन्या, शिपाई, न्यायाधीश, सगळा दरबार. सणाआधी कित्येक आठवडे दर शनिवारी गाण्याची बैठक होते. शाँतवेल म्हणजे पुढे गाणारी बाई. तिने एक ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती झेलायची. दरवर्षी नवी गाणीही तिनेच रचायची.

“म्हणजे आमच्याकडच्या भजनी मंडळासारखं,” मी म्हटलं. “मग दुसरी कोणीतरी गाईल एक वर्ष!”

इमेल्दाने माझ्यापुढची फाइल मिटली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या आठवड्यात मी मा क्लोतिलला दोनदा निरोप पाठवला. आली नाही. घरी गेले तर म्हणाली, “कॉफी घे,” आणि गाठीचा विषय काढू दिला नाही. मला झोप लागेना. दुसरा पेशंट तपासताना तिची शिट्टी कानात वाजायची. तिसऱ्या दिवशी मी एका माणसाचा डावा कान तपासायचा तो उजवा तपासत बसले होते, तोच मला म्हणाला, “डॉक, दुखतोय तो इकडचा.”

शनिवारी मी इमेल्दाला म्हटलं, “मला तुमच्या बैठकीला ने.”

“डॉक, तिथे पेशंटची गोष्ट काढायची नाही हं.”

“तेवढं मला कळतं.”

पिशवीत मी गळ्याला तातडीने भोक पाडायचं सामान भरलं. गाता गाता तिचा श्वास अडकला तर निदान हाताशी असावं. कपड्यांकडे लक्ष द्यायला मला सुचलं नाही. खुंटीवरचा धुतलेला कुर्ता अंगात घातला आणि निघाले.

बैठक गावच्या लाकडी हॉलमध्ये होती. दिवेलागणीची वेळ. आत लाल कागदी फुलांच्या माळा, समोर दोन खुर्च्यांवर राजा आणि राणी. राजा एरवी सुतार होता, त्याने आमच्या वॉर्डाची दारं बसवली होती. दारातल्या शिपायाच्या कमरेला लाकडी तलवार. तो आमच्या हॉस्पिटलचाच रखवालदार, रोज मला सलाम ठोकणारा. आज त्याने माझा दंड धरला.

“अटक!” तो ओरडला.

“अरे, मी आहे!”

“म्हणूनच तर! जांभळा कुर्ता! शत्रूचा रंग घालून गुलाबाच्या दरबारात!”

सगळा हॉल हसत उभा राहिला. इमेल्दाने कपाळावर हात मारला. मला हाताला धरून एका टेबलापुढे नेलं. टेबलामागे काळा झगा आणि कापसाचा पांढरा टोप घातलेला न्यायाधीश. मी त्याला ओळखलं. तो रेमों ऑगिस्तें, गावातून शहराकडे मिनीबस हाकायचा आणि बसमध्ये चढायला उशीर करणाऱ्यांवर भुंकायचा.

मला हसू येत नव्हतं. कोपऱ्यात बाकावर मा क्लोतिल बसली होती आणि एवढ्या गलक्यातही मला ती शिट्टी ऐकू येत होती, नाहीतर तसा भास होत होता.

“आरोपी,” रेमों गंभीरपणे म्हणाला, “या दरबारात येण्याचं आपलं कारण काय?”

“मी एका व्यक्तीला बोलवायला आले आहे. ती येत नाही.”

“कोण?”

“ते मी सांगू शकत नाही.”

“कोर्टापुढे सांगावं लागतं.”

“माझ्या धंद्यात सांगता येत नाही.”

लोक पुन्हा हसले. त्यांना वाटलं मीही नाटकात रंगले. रेमों हातोडी उचलणार तेवढ्यात मा क्लोतिल उठली. तिला टेबलापर्यंत यायला वेळ लागला. वाटेत ती एकदा थांबली, एका खुर्चीची पाठ धरून.

“मला बोलवायला आली आहे ती,” ती म्हणाली. तिचा आवाज वाळू चाळल्यासारखा. “माझा गळा कापायचाय तिला. रोग आहे म्हणते. खोटं बोलत नाही ती, मला माहीत आहे.”

हसणं एका क्षणात थांबलं. रेमोंच्या चेहऱ्यावरचं नाटक उतरलं, पण टोप डोक्यावर तसाच राहिला. आता टोप काढून हे सगळं थांबवतील असं मला वाटलं. कोणी काही थांबवलं नाही. उलट राजा-राणी ताठ बसले आणि रखवालदाराने तलवार सरळ धरली.

“मग शाँतवेल का जात नाही?” रेमोंने विचारलं.

“सण झाल्यावर जाईन.”

“डॉक?”

“सणापर्यंत कदाचित वेळ नाही,” मी म्हटलं. “कदाचित आहे. मी शपथेवर सांगू शकत नाही. पण मला रोज भीती वाटते.”

रेमों मा कडे वळला. “सणापर्यंत काय अडलंय? खरं सांग.”

“गाणी,” ती म्हणाली. “यंदाची सगळी इथे आहेत.” तिने छातीवर हात ठेवला. “एकही बाहेर काढलेलं नाही, बैठकीत जुनीच गातो आपण. मार्गरितवाले खिडक्यांना कान लावून बसतात. दोन वर्षांपूर्वी आपली चाल त्यांनी उचलली, आठवतं ना? म्हणून मी सणाच्या दिवसापर्यंत ओठ शिवून बसते. मी आता गेले आणि हिने गळा कापला, तर गाणीही गेली. गुलाबवाले मुक्याने मिरवणूक काढणार का?”

तेव्हा मला समजलं. इतके दिवस मी तिला मरणाची भीती घालत होते, आणि तिची भीती वेगळीच होती.

रेमोंने डोक्यावरचा टोप सारखा केला. मग त्याने हातोडी आपटली.

“क्लोतिल, हा गुन्हा आहे. मंडळाची गाणी तू कोंडून ठेवलीस. कोर्टाचा हुकूम: सगळी गाणी आज, इथे, मंडळाच्या हवाली कर. शिपायांनी बाहेर पहारा द्यावा. खिडक्या बंद. जांभळं फूल दिसलं तर पिटाळा.”

“आणि सोमवारी?” मी न राहवून विचारलं.

“सोमवारी शाँतवेल डॉकच्या हवाली.”

“मग सणाच्या दिवशी मी काय करायचं?” मा ने विचारलं. हा प्रश्न तिने लहान मुलीसारखा विचारला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हे मी लपवलंही नाही.

रेमोंने टोपाखालचा घाम पुसला. “ते कोर्टाच्या हातात नाही,” तो म्हणाला.

मला वाटलं ती आता पाय आपटून निघून जाईल. माझं ऐकलं नव्हतं, चर्चच्या फादरचंही ऐकलं नसतं. पण मिनीबसवाल्या रेमोंपुढे ती वाकली, राजा-राणीपुढे वाकली आणि मधोमध जाऊन उभी राहिली. मंडळाच्या कोर्टाचा हुकूम होता, तो मोडायचा नसतो. मलाही शिक्षा झाली. जांभळ्या कुर्त्याबद्दल मी झेलकऱ्यांच्या रांगेत उभं राहून गायचं.

खिडक्या लावल्यावर हॉलची भट्टी झाली. तिने पहिली ओळ म्हटली. सूर असा उरलाच नव्हता, नुसती खरखर होती, पण त्या खरखरीत चाल स्पष्ट होती. आम्ही झेलली. पुन्हा म्हटली, पुन्हा झेलली. मला अर्थ कळत नव्हता. शेजारी इमेल्दा कानात सांगायची. एका गाण्यात होतं, आधी गुलाब उमलला, मग सूर्याला जाग आली. ही ओळ आली तेव्हा सगळे ओरडले, गुलाबवाल्यांच्या अभिमानाची जागा होती ती. माझं लक्ष मात्र तिच्या मानेच्या खळग्यावर. ओळ संपली की ती श्वास ओढायची आणि खळगा आत जायचा. माझा हात पिशवीत होता. दर ओळीला मला वाटायचं, आता. तोंडाने मी गुलाबाची गाणी म्हणत होते आणि मनात एकच धावा चालला होता, हिला एवढं पार पाडू दे.

तिने सगळी गाणी दिली. शेवटचं संपलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, “झालं. आता माझ्यात काही नाही.”

सोमवारी ती आली. टेबलावर झोपवताना मी तिचा हात धरला.

“तुझे हात थंडगार आहेत, दूदू,” ती म्हणाली. ते तिच्या तोंडून ऐकलेलं शेवटचं वाक्य.

ऑपरेशन छान झालं. इतकं छान की दुसऱ्या सर्जनने केलं असतं तर मी त्याला मिठाई दिली असती. गाठ पूर्ण निघाली, जखम स्वच्छ. मानेच्या भोकातून श्वास आवाज न करता येत-जात होता. शिट्टी थांबली. आणि मा क्लोतिलने भिंतीकडे तोंड केलं.

लिहायला पाटी दिली, हात लावला नाही. इमेल्दा तासन्‌तास शेजारी बसायची, मा तिच्याकडे बघायची नाही. नळीतून अन्न देताना ती हात झटकायची. व्यायामाला उठवलं तर अंग सैल सोडायची. रेमों आला, राजा आला, दोघांनाही पाठच दिसली. मी वॉर्डात येरझाऱ्या घालायची, मग घरी, मग पुन्हा वॉर्डात. जीव वाचवला म्हणून मी स्वतःची पाठ थोपटायची की काय, मला कळेना. कापायचं ते मी कापलं होतं. पुढचं कोणत्याही पुस्तकात नव्हतं.

“हे असंच चाललं तर ती उरणार नाही,” मी एकदा रेमोंला व्हरांड्यात म्हटलं. “जखम भरतेय आणि बाई विझतेय.”

त्याने बसची किल्ली बोटाभोवती फिरवली. मग तो तडक जिना उतरून गेला.

तीस ऑगस्टला सकाळपासून मी चिडलेली. चर्चचा रस्ता आमच्या वॉर्डाखालूनच जायचा आणि मिरवणूक तिथूनच येणार होती. मी इमेल्दाला सांगणार होते, खिडकी लावून घे, तिला ऐकवू नका, हा छळ आहे. पण इमेल्दा रजेवर होती. ती खाली लाल झगा घालून राजकन्या झाली होती. दुसऱ्या नर्सला तेच सांगितलं, तर तिने कानाडोळा केला.

व्हायोलिन, बँजो, ढोल. लालच लाल रस्ता. मिरवणूक वळण घेऊन वॉर्डाखाली आली आणि नेमकी तिथे मंदावली. गाणं सुरू झालं. झेलकरीच आळीपाळीने पुढची ओळ म्हणत होते. मा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचा खांदाही हलला नाही.

मग ती ओळ आली. आणि त्यांनी म्हटलं, आधी सूर्याला जाग आली, मग गुलाब उमलला.

मा क्लोतिलचं डोकं गर्रकन वळलं.

खाली त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. ती उठून बसली. नाकातली नळी ताणली गेली, मी ओरडले, “मा, सावकाश!” तिने मला ढकललं. दोन्ही पाय खाली टाकले आणि सलाइनचा स्टँड ओढत खिडकीशी गेली. रागाने तिचे ओठ थरथरत होते. तिने शेजारच्या टेबलावरचा चमचा उचलून खिडकीच्या चौकटीवर आपटला. गाण्याच्या गदारोळात तो कोणाला ऐकू जाणार? ती माझ्याकडे वळली, बोटाने खाली दाखवलं आणि तोंडाने शब्द करू लागली. आवाज नव्हता. पण ती ओळ मी त्या बंद हॉलमध्ये घाम पुसत पुसत पुन्हा पुन्हा झेलली होती.

मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, “थांबा! चुकलं! मा म्हणत्येय चुकलं! गुलाब आधी! सूर्य नंतर!”

वाद्यं थांबली. सगळ्या रस्त्याने वर पाहिलं. माझ्याशेजारी मा, मानेला पट्टी, केस मोकळे. तिने हात वर केला. राजाने डोक्यावरचा मुकुट काढला आणि खाली वाकला. त्याच्यामागे राणी, शिपाई, सगळे.

मग तिने हात खाली आणला, आणि खाली गाणं सुरू झालं. ती हाताने ओळ द्यायची, ते झेलायचे. मध्येच तिने मूठ आवळली, सगळे थांबले. पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा सुरू. ती सगळ्या मिरवणुकीला वरूनच झापत होती आणि तिचे गाल लाल झाले होते. त्या दुपारी तिने नळीतलं सगळं अन्न घेतलं आणि पाटीवर पहिल्यांदा लिहिलं, ‘गाढवं आहेत सगळी.’

संध्याकाळी इमेल्दा त्याच लाल झग्यात वॉर्डात आली. मी तिच्यावर तुटून पडले.

“एवढा सराव करून नेमकी तीच ओळ चुकलात? लाज नाही वाटली?”

तिच्यामागे रेमों उभा होता, टोप काखेत धरून. तो मला व्हरांड्यात घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, “डॉक, ती ओळ आमच्यातला आंधळा, बहिरा, झिंगलेलासुद्धा चुकणार नाही.” मग बसची किल्ली खिशात टाकत त्याने दम दिला, “हे तिला कळलं तर तुम्हाला पुन्हा अटक.”

मा क्लोतिल पुढे बरीच वर्षं जगली. माझा करार संपला, मी मिरजेला परतले. दर ऑगस्टअखेर इमेल्दाचा फोन यायचा. मी एकच विचारायची, “यंदा कुठे चुकलात?” कधी दुसऱ्या गाण्यात, कधी चालीत. दरवर्षी मिरवणूक मा च्या घरासमोर अडखळायची, ती काठी आपटत बाहेर यायची, सगळ्यांना हाताने फैलावर घ्यायची आणि गाणं सरळ करून द्यायची. मला हसून हसून पुरेवाट व्हायची.

परवाच्या ऑगस्टात फोन आला तेव्हा मी ओपीडीत होते. एक पेशंट गणपतीनंतरची तारीख मागत होता, त्याला हाताने थांबवलं.

“बोल इमेल्दा, यंदा कुठली ओळ?”

पलीकडे लांब ढोल वाजत होता.

“एकही नाही, डॉक,” ती म्हणाली. “यंदा आम्ही अगदी बरोबर गायलो.”